बरे वाटल्यानंतरचे कर्तव्य

हृदयविकार म्हटले की आपल्यापुढे एक घटना उभी राहते: छातीतील कळ, धावपळ, अतिदक्षता विभाग. रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्याबाबत हे चित्र खरे आहे. हृदयाच्या स्नायूचा विकार मात्र बहुधा गाजावाजा न करता येतो. डॉक्टर त्याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. कोणाचा स्नायू हळूहळू ताणला जाऊन दुबळा होतो आणि हृदयाचे कप्पे फुगतात. कोणाचा अकारण जाड होतो. क्वचित तो इतका ताठर बनतो की हृदयात पुरेसे रक्त भरतच नाही. या आजाराच्या आरंभाची तारीख सांगता येत नाही, आणि ज्या दुःखाला तारीख नाही त्याकडे समाजाचे लक्ष उशिरा जाते.

माझे थोरले बंधू परतूरजवळ शेती करतात. कापूस, सोयाबीन, तूर ही त्यांची पिके. बांधावरून चालताना त्यांना दम लागू लागला. रात्री उताणे निजले की श्वास अडे, संध्याकाळी पायांवर सूज दिसे. प्रत्येक लक्षणाला घरात एक खुलासा तयार होता: ऊन, वय, दगदग, पित्त. कष्टकऱ्याच्या थकव्याविषयी कोणाला संशय येत नाही, हे ग्रामीण आरोग्याचे एक मोठे दुर्दैव आहे. अखेर छत्रपती संभाजीनगरला इको तपासणी झाली. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील साधारण ५५ ते ७० टक्के रक्त पुढे ढकलते. दादांचे ‘पंपिंग’ पंचवीस टक्क्यांवर आले होते. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या, तेव्हा ‘ब्लॉकेज नाही’ या दोन शब्दांनी नातेवाइकांना हायसे वाटले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की दोष स्नायूतच असल्याने येथे स्टेंटचा उपयोग नाही. आता दीर्घकाळचे औषध आणि दीर्घकाळची शिस्त हाच उपचार.

त्या औषधांमागील विचार मला फार अर्थपूर्ण वाटतो. हृदय दुबळे झाले की शरीर त्याला संकट समजते. ठोके वाढवणारी संप्रेरके स्रवतात, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. थकलेल्या बैलाला आसूड ओढून दोन तास पुढे चालवावे, तसा हा उपाय काही काळ साधतो आणि मग त्याच जिवाला झिजवतो. ठोक्यांची गती कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे अशा रुग्णांना वर्ज्यच, असे वैद्यकशास्त्र बराच काळ मानत होते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजक्या रुग्णांना सावधपणे देऊन पाहिली आणि १९७५ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. मोठ्या चाचण्यांचा कौल मिळायला १९९९ उजाडले. तेव्हा या औषधांमुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. दुर्बलाला आधी विसावा द्यावा, हे सत्य स्वीकारायला एका शास्त्राला जवळजवळ पाव शतक लागले.

घरात या शास्त्राचे रूपांतर लहान लहान नियमांत झाले. रोज सकाळी वजन करायचे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले, तर अंगात पाणी साठत आहे असे समजून डॉक्टरांना कळवायचे. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणायची नाही, कारण अशा अनेक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी अडवतात. आमच्या ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतेच. ते येते ठेचा, लोणचे आणि पापडातून. वहिनींनी हे तिन्ही पदार्थ दादांच्या ताटातून दूर केले आणि स्वतःच्याही ताटातून केले. या त्यागाची नोंद कोणत्याही फाइलमध्ये नाही. तरीही उपचाराचा तो एक आधारस्तंभ आहे.

काही महिन्यांनी सूज ओसरली, पंपिंग सुधारले, दादा पुन्हा शेतात जाऊ लागले. तेव्हा आप्तांनी सुचवले, “आता बरे वाटते आहे, तर गोळ्या कशाला?” या प्रश्नाचे उत्तर लंडनमधील एका अभ्यासाने दिले आहे. २०१९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासातील रुग्णांचे फुगलेले हृदय औषधांनी पूर्ववत झाले होते. त्यांतील काहींची औषधे देखरेखीखाली थांबवली, तेव्हा सहा महिन्यांत सुमारे ४४ टक्के रुग्णांचा आजार उलटला. दिसणारे स्वास्थ्य अनेकदा औषधाने राखलेले असते. म्हणून गोळी कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच असला पाहिजे.

या आजाराचे निदान एका व्यक्तीपाशी थांबत नाही. हृदयाच्या एमवायबीपीसी३ या जनुकातील २५ बेस-जोड्यांचा तुकडा गळालेला असणे हे दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आढळते आणि त्याचा स्नायुविकाराशी संबंध आहे, असे २००९ साली ‘नेचर जेनेटिक्स’ने प्रसिद्ध केले. त्या संशोधनात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज यांचा मोठा वाटा होता. असा बदल असलेला प्रत्येक जण आजारी पडतो असे नाही. परंतु असा विकार कुटुंबात असू शकतो, म्हणून रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी होणे आवश्यक असते. आमच्याकडे मुलीच्या लग्नाच्या काळजीने काहींनी मौनाचा सल्ला दिला. दादांनी तो मानला नाही. दोन्ही मुलांची तपासणी करवली आणि ठरावीक काळाने ती पुन्हा करायची, असे ठरवले. लेकरांपासून धोका लपवणाऱ्या प्रतिष्ठेपेक्षा त्यांना सावध करणारे सत्य मोलाचे, ही त्यांची धारणा मला आदरणीय वाटते.

संकटात धावून जाणे हे आपल्या समाजाचे मोठेपण आहे. दीर्घ आजारात मात्र धावण्याचा प्रसंग विरळा आणि सोबत करण्याचे दिवस असंख्य असतात. परतूरहून जालना ओलांडून तपासणीला जाणाऱ्या रुग्णासोबत कोण जाणार, महिन्याची औषधे संपण्याआधी कोण आणणार, सेवा करणाऱ्या स्त्रीला विश्रांती कोण देणार, हे प्रश्न रुग्णालयात सुटत नाहीत. ‘आता कसे वाटते?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक आप्ताने यांपैकी एका प्रश्नाची जबाबदारी उचलली, तर दुबळ्या हृदयाला हवा असलेला विसावा घरातून आणि गावातूनही मिळू शकेल.