दुबळे कलम

जून महिन्यात पाऊस स्थिरावला की वसईतील रोपवाटिकांत झुंबड उडते. रांगेच्या कडेला हापूसचे एखादे कलम असते. पाने पिवळसर, कडा करपलेल्या, शेंड्याने मान टाकलेली. शेजारची टवटवीत कलमे भराभर उचलली जातात, हे मात्र उरते. माळी म्हणतो, "अर्ध्या किमतीत घेऊन जा, फादर." त्या क्षणी मनात जी चलबिचल होते ती केवळ बागकामाची नसते. दुबळ्याला नाकारू नये हा संस्कार आपल्या हाडीमांसी खिळलेला आहे. परंतु जागा एकच असेल तर? २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळात आमच्या चर्चच्या आवारातील जुना आंबा कोसळला. तेथे लावायचे झाड पुढील दोन पिढ्यांना सावली देणार आहे. अशा जागी निव्वळ आपल्या कणवेपोटी हवे ते रोप रोवण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

दया आणि पारख यांना परस्परांच्या वैरिणी मानल्यामुळे हा प्रश्न अवघड होतो, असे आम्हांस वाटते. तहानेने कोमेजलेले रोप आणि अतिपाण्याने मुळे कुजलेले रोप, ही दोन्ही दिसायला जवळजवळ सारखीच असतात. पाणी एकाला तारते, दुसऱ्याला मारते. नुसता कळवळा असलेला माणूस दोघांवरही तीच झारी रिकामी करतो. म्हणून आधी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर खोडात जीव आहे. मग माळ्याच्या संमतीने (ती सहज मिळत नाही!) पिशवी अलगद सोडवून मुळे पाहावीत. ती उजळ व लवचीक असतील तर पाने झडली तरी फारसे भय नाही. सावलीतून एकाएकी उन्हात आणलेल्या कलमाची पानेही करपतात. मात्र मुळे काळपट, बुळबुळीत असतील, किंवा मुख्य मूळ पिशवीच्या तळाशी वेटोळे घालून बसले असेल, तर गोष्ट वेगळी. ते वेटोळे वयाबरोबर जाड होते. झाड वर्षानुवर्षे उभे दिसते आणि एखाद्या वादळात आडवे होते.

टवटवीतपणाचीही तीच कथा. कलमाच्या सांध्याखालून फुटलेला कोंब रायवळ खुंटाचा असतो. तो न खुडल्यास हापूसची फांदी मागे पडते, पुष्कळदा मरतेही. आणि गिऱ्हाईक त्या लसलशीत पानांवर भाळून रायवळ घरी नेते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला अशा वेळी हमखास पुढे केला जातो. परंतु त्यातील माळी केवळ रदबदली करीत नाही. तो मुदत मागतो, एका वर्षाची. आणि स्वतःचे श्रम देऊ करतो, आळे खणण्याचे व खत घालण्याचे. शिवाय ते झाड आधीच मळ्यात रुजलेले होते. आपले कलम अजून पिशवीत आहे. त्याला न निवडणे म्हणजे त्याच्यावर कुऱ्हाड चालविणे नव्हे. लावून मग विसरणे हा मात्र खरा अन्याय. दुबळ्या कलमाला पहिले दोन-तीन उन्हाळे नेमाने पाणी हवे, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन हवे, वाळवीवर नजर हवी आणि लवकर आलेला मोहर खुडण्याइतके मन घट्ट हवे. मे महिन्यात गावी जाणाऱ्याने हे कोणाच्या स्वाधीन करावे, ते कलम घेण्यापूर्वीच ठरवावे.

मुळे चांगली असूनही मन साशंक असेल तर आणखी एक वाट आहे. कलम मोठ्या कुंडीत, अर्धवट सावलीत ठेवावे. खताची घाई करू नये, कारण दमलेल्या मुळांना ते जाळते. नवी पालवी धरते का, हे एक वर्ष पाहावे. तोवर आवारातील खड्डा रिकामाच राहील आणि रविवारी मिस्सेनंतर येणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारील. विचारू द्यावे, कुंडी दाखवावी, आणि उन्हाळ्यात तिला पाणी घालण्याची पाळी कोणी घेतो का, तेही विचारावे.