बिजागरीची खाच

🙏 ॥ श्री सद्गुरवे नमः ॥ 🙏



आमचं घर आणि दिरांचं घर यांच्यामध्ये एक दार आहे. वाटणीच्या वेळी बोलाचाली झाली आणि चार वर्षं ते बंदच राहिलं. या पावसाळ्यात ते खालून कुजलं, बिजागऱ्या गंजून निखळल्या. आता तिथे भिंतच घालू, असा विषय निघाला. आम्ही दोघी जावांनी हात जोडले, "भिंत नको. बंद ठेवायचं तर ठेवा, पण दार असू द्या."

सासऱ्यांची पटाशी, हातोडी, गिरमिट, डिसमिस बाहेर निघालं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये हुन्नर शिकवायला कलाभवन काढलं, त्या बडोद्यात हातकामाची लाज कसली! दोघे भाऊ कामाला लागले. चार इंची तीन बिजागऱ्या. कडेला धरून पेन्सिलीने आखलं, पटाशीने खाच केली. पण दार लागेना. ढकललं की स्प्रिंगसारखं मागे यायचं.

दीर म्हणाले, "दादा, खाच जास्त खोल गेली."

बिजागरीचं पान जेवढं जाड, तेवढीच खाच हवी. कमी झाली तर फट राहते. जास्त झाली तर पल्ला आधीच चौकटीला टेकतो आणि अडतो. उपाय सोपा होता, पानाखाली जाड कागद घालायचा. आमच्या कपाटात पुतणीची लग्नपत्रिका होती. त्या लग्नाला आम्ही गेलो नव्हतो. ती हातात घेतली आणि हात थांबला. दीर म्हणाले, "मागची कोरी बाजू कापा वहिनी. कामाला येऊ दे."

दार लागलं.

मंडळी, भांडणात आपण हेच करतो, खोदत बसतो. कोण काय बोललं, कधी बोललं! चूक दाखवावी, पण पानाच्या जाडीएवढीच. आणि जास्त खोदलं गेलंच, तर नमतेपणाचा एक कागद आपण आधी सरकवावा.

आणखी एक. आधी प्रत्येक बिजागरीला एकेकच स्क्रू लावून दार फिरवून बघतात. तिन्हींच्या खिळ्या एका रेषेत आल्या तरच बाकीचे स्क्रू पिळतात. नाहीतर दार रोज कुरकुरतं, तेल तेवढ्यापुरतंच गप्प करतं. काया, वाचा, मन यांचंही तसंच. आपली गुरुमाउली नामाबरोबर हीच सरळ रेष मागते.

ज्ञानेश्वर माउली लोकांच्या वागण्याने दुखावून ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून विनवणारी धाकटी बहीण मुक्ताई होती. प्रत्येक घरात कुणीतरी मुक्ताई व्हावं लागतं.

गुरुवारी आरतीला जाऊबाई त्याच दारातून नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. वाटणीचे प्रश्न अजून तसेच आहेत. पण दार आता अडत नाही.

*या आठवड्याचा संकल्प:* ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, अशा एका माणसाला आपणहून फोन करायचा. जुना विषय काढायचा नाही. फक्त तब्येत विचारायची.

श्रीगुरुचरणी अर्पण. 🌼
– तरसालीच्या सेवेकरी भगिनी