काकडीची धावपट्टी आणि यात्रेचे पुण्य

कोपरगाव तालुक्यातील काकडी गावच्या माळावर 2500 मीटरची धावपट्टी आहे. शिर्डीचा हा विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला. मुंबईच्या मालाडसारख्या उपनगरांतून रामनवमीसाठी निघणाऱ्या पदयात्री पालख्या कसारा घाट चढून, पायांच्या फोडांवर पट्ट्या बांधत, कित्येक दिवसांनी शिर्डीला टेकतात. विमानाने येणारा काही तासांत पोहोचतो. मग पुण्य दोघांना सारखेच का?

प्रश्न जुना आहे. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात वाहनाने केलेली यात्रा निष्फळ म्हटली आहे. मात्र तिथे कारणही दिले आहे, आणि तेच महत्त्वाचे: ऐश्वर्य, लोभ किंवा मोह यांपोटी वाहनात बसणे. म्हणजे दोष चाकांचा नाही, मिरवण्याचा आहे. महाभारताच्या वनपर्वात ज्याचे हात, पाय आणि मन संयमित, त्याला तीर्थाचे फळ सांगितले आहे. यज्ञाचा खर्च न झेपणाऱ्या गरिबालाही तीर्थयात्रा साधते, असेही तिथेच म्हटले आहे.

या कसोटीवर गुडघे धरलेली आजी विमानाने गेली तरी तिचे काही उणे होत नाही. चालणाऱ्याला मात्र वाटेत अधिक मिळते: अनोळखी दारचे पाणी, सोबत्याचा आधार, आणि स्वतःच्या शरीराची मर्यादा. विमानाच्या यात्रेकरूला संयमाची ही संधी थेट दर्शनाच्या रांगेतच लाभते.