ताडन कोणासाठी?

कीर्तन संपले की पुष्कळ मायबाप आम्हांस गाठतात आणि एकच गाऱ्हाणे सांगतात : "महाराज, पोरगं ऐकत नाही. शाळेत खोड्या, घरी आदळआपट. मारावं, की सोडून द्यावं?"

मारणारांच्या हाती एक वचन तयारच असते. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या त्या नीतिश्लोकात पाच वर्षे लाड, पुढे दहा वर्षे ताडन आणि सोळावे लागताच पुत्राशी मित्रत्व सांगितले आहे. आम्हीही तो पाठशाळेत घोकला. पण लोक मधले तेवढे उचलतात अन् शेवटचे गिळतात! दहा वर्षे ज्याने रागाचा हातच पाहिला, तो सोळाव्या वर्षी एकाएकी मित्र कसा होणार? मार चुकवायला तो खोटे बोलणे मात्र शिकतो. म्हणून हात उगारण्यापूर्वी मनास पुसावे : हे पोराच्या हितासाठी, की माझा संताप शमावा म्हणून? शाळेपुरता निवाडा तर कायद्यानेच केला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोहोंस मनाई आहे.

मग सोडून द्यावे काय? मुळीच नाही. आधी कारण पाहावे. ज्याला फळा दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, झोप पुरत नाही, ते पोर वर्गात चुळबुळ करणारच. हट्टाने लोळण घेतली, तर शांतपणे नाही म्हणावे. रडणे आधी वाढते, मग ओसरते. चौथ्या दिवशी कंटाळून वस्तू दिली, तर 'चार दिवस रडावं लागतं' एवढेच ते शिकते. नियम थोडे असावेत. आई, बाप, आजी, गुरुजी यांचा शब्द एक असावा. नीट वागले की तिथल्या तिथे कौतुक करावे; खोडी केल्यावरच आपण वळून पाहू लागलो, तर पोर खोडीच करील. घरी व शाळेत, दोन्हीकडे महिनोन्महिने चंचलपणा आवरत नसेल, तर डॉक्टरांस दाखवावे. तो हट्ट नसून प्रकृतीचा भाग असू शकतो.

मारणे क्षणाचे काम. न चिडता रोज तोच शब्द पाळणे, हे कष्टाचे. तेव्हा मायबापहो, ताडन करावयाचेच तर आधी आपल्या रागाचे करावे. पोर ते पाहत असते.