हसणाऱ्या आणि हसवणाऱ्या

माझी आत्या मंगळागौरीच्या खेळात सासू-सुनेच्या भांडणात नेहमी सासू व्हायची. मध्येच ती आपल्या मामंजींचे खाकरणे असे हुबेहूब काढी, की माजघरातल्या बायका फुगडीपेक्षा हसूनच दमत. पण मामंजी ओसरीवर आल्याची नुसती कुजबुज झाली, की आत्या डोक्यावर पदर घेऊन मुकाट्याने विडे लावू लागे.

लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. आता वाटते, त्या हसण्याला कुंपण होते. आत काहीही बोलावे, उंबरठ्याबाहेर चकार शब्द नाही. अशा हसण्याने घरातले काही बदलते, की कोंडलेली वाफ तेवढी निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी चूल तशीच पेटते?

कुंपणाबाहेर पडलेल्यांकडे पाहावे, तर तिथेही सरळ उत्तर नाही. उमादेवी १९४७ च्या ‘दर्द’मध्ये गायिका म्हणून गाजल्या. पुढे गाणे मागे पडले आणि १९५० च्या ‘बाबुल’पासून त्या पडद्यावर आल्या, टुनटुन झाल्या. त्यानंतर वर्षानुवर्षे विनोद बहुधा एकच, त्यांच्या अंगाचा. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी थिएटर हसे. हा विनोद त्यांचा, की त्यांच्यावरचा? नायिकेच्याच ऐटीत त्या लाजत, मुरकत. जाड्या बाईलाही प्रेम मागायचा हक्क आहे, असा त्यांचा थाट. लोक हसत ते नेमके त्या हक्काला. तरी तो थाट खोटा होता, असे मला म्हणवत नाही.

आम्हा बेळगावकरांना कन्नड चित्रपटही घरचेच. उमाश्रींचे द्व्यर्थी संवाद आले, की आमच्याकडची वडीलधारी मंडळी तोंड फिरवीत. ‘बाईमाणसाने असे बोलावे?’ तेच शब्द पुरुष नटाच्या तोंडी असते, तर हीच मंडळी मांडीवर थाप मारून हसली असती. पुढे २००८ च्या ‘गुलाबी टॉकीज’साठी उमाश्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१३ साली त्या कर्नाटकात मंत्री झाल्या, तेव्हा ‘गुणी बाई हो’ असे उद्गार निघाले. गुण तर आधीपासूनच होते! रडवून दाखवल्यावाचून बाईच्या हसवण्याला मान द्यायचा नाही, ही कुठली रीत?

एवढे लिहिते खरी. पण मागच्या वर्षी एका मुंजीत माझ्या लेकीने तिच्या काकांच्या भाषणाची नक्कल केली. काकांसकट सगळी पंगत हसली. डोळे वटारले ते मी एकटीने.

परतताना रिक्षात तिने विचारले, ‘‘आई, दादाने केली असती तर?’’

टिळकवाडीचे रेल्वे फाटक पडले होते. गाडी गेली, फाटक उघडले, तरी मला बोलायला काही सुचेना.