आठ सेकंद, पण कधीपासून?

पंचाच्या निर्णयावरून वाद झाला की हल्ली उपाय एकच सुचवला जातो: यंत्र आणा. क्रिकेटमध्ये आले, फुटबॉलमध्ये आले, २०१४ पासून प्रो कबड्डीच्या चढाईचे तीस सेकंद घरोघरी टीव्हीवर उलटे मोजले जाऊ लागले. मग शालेय बास्केटबॉलनेच कुणाचे घोडे मारले आहे? आठ सेकंदांवरून प्रशिक्षक पंचाच्या अंगावर जातात ना, तर दोन्ही बास्केटवर शॉट क्लॉक, म्हणजे ताब्याचे सेकंद दाखवणारे घड्याळ, लावा. आकडा सगळ्यांना दिसेल, भांडण मिटेल. मला हा युक्तिवाद उथळ वाटतो. तो करणारे बहुतेक जण खेळावर मनापासून प्रेम करणारे असतात, म्हणून जास्तच खटकतो.

नियम दीड ओळीचा आहे. आपल्या बॅककोर्टमध्ये (मैदानाच्या आपल्या अर्ध्यात) चेंडूचा ताबा असलेल्या संघाने आठ सेकंदांत चेंडू फ्रंटकोर्टमध्ये न्यायचा. २००० साली आंतरराष्ट्रीय महासंघाने दहाचे आठ केले. त्याआधी नोकरीला लागलेल्या काही क्रीडाशिक्षकांच्या डोक्यात अजून दहाच बसलेले असतात, आणि अमेरिकी कॉलेजांचे सामने मोबाइलवर पाहणाऱ्या पोरांच्याही, कारण तिथे आजही दहाच आहेत. पण आठ की दहा हा वाद नियमपुस्तक उघडले की संपतो. न संपणारा वाद वेगळाच आहे.

वऱ्हाडातला प्रशिक्षक तावातावाने काय विचारतो ते नीट ऐकावे. “सर, आमच्या पोराच्या हाती बॉल आत्ता आला, तुम्ही कवापासून मोजून राह्यले?” त्यावर पंच सांगतो, “आठ झाले.” विचारले होते कधीपासून, उत्तर मिळाले किती. दोघेही आपापल्या जागी खरे, आणि दोघेही चिडलेले.

प्रश्नात तथ्य आहे. रिबाउंडनंतर मोजणी सुरू होते ती खेळाडूने चेंडूवर ताबा मिळवल्यावर. चेंडू बोटांना लागून नुसता घरंगळत असेल तोवर पंच मोजायला लागत नाही. थ्रो-इनला तसे नाही. बाहेरून टाकलेला चेंडू बॅककोर्टमध्ये कुणालाही लागला, अगदी प्रतिस्पर्ध्याच्या बोटांना चाटून गेला, आणि ताबा थ्रो-इन करणाऱ्या संघाकडेच राहिला, तर त्या स्पर्शापासून आठ सुरू. पुढे दोन सेकंद चेंडू मोकळा फिरला तरी ते खर्ची पडतात. अन्याय वाटतो खरा. पण थ्रो-इनसाठी चेंडू हवाली झाला तेव्हाच त्या संघाचा ताबा मान्य झालेला असतो; राहिलेले असते ते फक्त मैदानातल्या कुणाचा तरी हात लागणे. रिबाउंडला ताबा अजून कुणाचाच नसतो, म्हणून तिथे तो सिद्ध होईपर्यंत थांबायचे.

उरलेल्या सेकंदांचेही असेच. बचावपटूने चेंडू बाहेर घालवला आणि थ्रो-इन पुन्हा बॅककोर्टमधूनच असला, तर उरले असतील तेवढेच सेकंद. त्याने फाउल केला किंवा मुद्दाम पायाने चेंडू अडवला, तर नवे आठ. प्रशिक्षकाला दोन्ही वेळा चूक समोरच्याचीच दिसते. पण चेंडू बाहेर घालवणे हा चांगला बचाव आहे, त्याबद्दल दंड कशासाठी?

आता शॉट क्लॉकवाल्यांना विचारतो, यातले घड्याळ काय ठरवणार? त्याचे बटण टेबलावरचा माणूस दाबतो, आणि शालेय सामन्यात तो एखादा अकरावीतला पोरगाही असू शकतो. स्पर्श झाला असे त्याला वाटले की आकडे पळू लागतात. म्हणजे पंचाची नजर बाजूला सारून त्या पोराची नजर बसवली, आणि तिला लाल दिव्यांचा मुलामा दिला. घड्याळ नकोच असे माझे म्हणणे नाही. परवडत असेल तिथे जरूर असावे, आठ सेकंदांची लांबी ते माझ्यासारख्या पंचाच्या हातापेक्षा बिनचूक मोजील. पण लांबीबद्दल भांडण होते कुठे? यावर सांगतात, कॅमेराही लावा. कॅमेरा स्पर्श दाखवील. दोन बोटांत लटपटणारा चेंडू ताब्यात आहे की नाही, हे चित्र थांबवून कळत नाही. थांबवले की उलट आणखी कळेनासे होते.

आणि म्युनिकला घड्याळ नव्हते का? १९७२ च्या ऑलिम्पिकचा अंतिम सामना, अमेरिका ५०, सोव्हिएत संघ ४९, शिल्लक तीन सेकंद. खेळ सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला, भोंगा वाजला, आणि महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर आणायला लावले. अलेक्झांडर बेलोव्हने बास्केट केली, ५१-५०. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके घेतलीच नाहीत. तिथे तीन सेकंद किती लांब असतात यावर वाद नव्हताच, ते कुठून मोजायचे यावर होता. जगातली उत्तम सामग्री हाताशी असून हे झाले.

बाकीचे आक्षेप किरकोळ. पंच पक्षपाती असतो हे मी आजवर फक्त हरलेल्या बाजूकडून ऐकले आहे. प्रशिक्षक नियम वाचत नाहीत, हे पंचांचे चहा पितानाचे वाक्य आहे.

आमच्या भागात तर हे समजावणे सोपे असायला हवे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदकडे, बास्केटबॉल पाहणाऱ्याने आधी कबड्डी पाहिलेली असते. चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी’चा उच्चार समोरच्या अंगणात पाय पडण्याआधीच सुरू झाला पाहिजे, उशीर झाला तर चढाई गेली, मग पुढे दम कितीही टिको. टीव्हीवर तीस सेकंदांचे घड्याळ आले तरी ही पारख पंचाच्या कानालाच करावी लागते.

लहान गावी क्रीडाशिक्षक बहुधा एकच असतो. कबड्डी, ॲथलेटिक्स, बास्केटबॉल, सगळे त्याच्याकडे. फक्कीने आखलेली मध्यरेषा अर्ध्या सामन्यात पुसट होते, आणि ती रेषा बॅककोर्टमध्येच धरतात हेही त्याला कुणी सांगितलेले नसते. ड्रिबल करणाऱ्याचे दोन्ही पाय आणि चेंडू, तिन्ही पलीकडे टेकल्याशिवाय चेंडू फ्रंटकोर्टमध्ये गेला असे होत नाही, हेही सांगितलेले नसते. अशा माणसाला पंचाने हात हलवून दाखवलेली मोजणी हाच एक पुरावा असतो, आणि त्यातही पहिला झोका. तो कोणत्या क्षणी पडला हे बाकावरून दिसले, तर शेवटच्या झोक्यावर तो सहसा वाद घालत नाही.

म्हणून जिल्ह्यात पंच शिबिरे घेणाऱ्यांना विनंती आहे. हातांच्या खुणा घोटून घ्याच. पण सामना सुरू होण्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना जवळ बोलावून, “सर, रिबाउंडला ताब्यापासून मोजीन, थ्रो-इनला स्पर्शापासून,” एवढे सांगायची सवयही नव्या पंचांना लावा. याला शॉट क्लॉक लागत नाही.