परवाना आणि पेरणी

सन २०२१ मध्यें शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें आपल्या दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मागितली. दुसऱ्या कोणत्याहि पिकास निश्चित भाव नाहीं, हें त्यानें कारण दिलें. पुष्कळ लोक हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. कारण बारामती व इंदापुराकडील मंडळ्यांतून फिरतांना हाच प्रश्न आम्हांस विचारण्यांत येतो कीं, सरकारनें उद्यां मुभा दिली तर गांजा पिकविण्यांत दोष कोणता?

आज सन १९८५ च्या कायद्याप्रमाणें विनापरवाना ही लागवड करणारास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊं शकते. सन २०२३ मध्यें इंदापूर तालुक्यांत इतर पिकांच्या आड लावलेली अफू पोलिसांनीं जप्त केली, हें वाचकांस स्मरत असेल. परंतु कायदे बदलतात. इंग्रजी अमदानींत नगर जिल्ह्यांत गांजा सरकारी परवान्यानेंच पिकत असे. उत्तराखंडांत सन २०१८ पासून, नशेचा अंश अत्यल्प असलेल्या जातीस धाग्याकरितां परवाने मिळूं लागले. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. मात्र ज्याची सदसद्विवेकबुद्धि केवळ कायद्यावर टेकली आहे, त्याचें उत्तर कायद्याबरोबरच बदलेल.

पेरणारा म्हणतो, 'मी पिकवितों, ओढणारा ओढतो.' हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. भाकरीनें भूक भागते व मनुष्य थांबतो. नशेनें मागणीच वाढत जाते, आणि पिकविणाराचा नफा त्या वाढींतच असतो. शेजाऱ्याचा मुलगा जितका बुडेल तितका ज्याचा भाव टिकेल, असें पीक रानांत उभें करून रात्रीं झोंप कशी यावी?

बरें, नफा तरी लहान शेतकऱ्याच्या पदरीं पडेल काय? कॅनडा देशानें सन २०१८ मध्यें गांजा खुला केला. तेथें मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांनीं कांचगृहांत इतका माल पिकविला कीं, भाव कोसळले व न खपलेला माल नष्ट करावा लागला.

दूर कशाला जावें? गेल्या शतकापूर्वींच्या दुष्काळांनंतर ज्वारी-बाजरी वांचावी म्हणून नीरेचा डावा कालवा आमच्या भागांत आला. पाण्यामागोमाग ऊस आला, आणि जिच्याकरितां पाणी आणिलें ती ज्वारीच मागें सरली. शाळू जमिनींतल्या ओलीवर येतो, माणसास भाकर व बैलास कडबा देतो. ऊस वर्ष-दीड वर्ष पाणी पीत उभा राहतो. पैशाचें पीक चांगल्या रानांत शिरलें म्हणजे धान्य कोठें जातें, हें आम्हीं पाहिलें आहे. गांजास मुभा मिळाल्यास तोहि माळावर लावला जाणार नाहीं.

इतकें बोलून आम्ही एका मंडळींत थांबलों, तेव्हां एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाला, 'पाळकसाहेब, उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो. कांहीं मोटारींत जळतो, कांहीं बाटलींत भरतो. मग माझा ऊस मोडूं काय?'

'मोड' असें आम्ही म्हणूं शकलों नाहीं. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचें कर्ज त्या उसावर फिटत होतें. 'मोडूं नका' असेंहि तोंडांतून निघेना. त्या रात्रीं आम्ही त्याच्याच घरीं जेवलों. ज्वारीची भाकर होती. दाणे बाजारांतून विकत आणिलेले होते.